बोरन्हाणाच्या फोटोत हलव्याचा काटा का दिसत नाही? घरातला फ्लॅश आणि लहान मुलं

संक्रांत ते रथसप्तमी हे दिवस आले की माझ्याकडे तेच फोटो परत परत येतात. मूल वेगळं, घर वेगळं, कॅमेरा वेगळा, पण फोटो अगदी एकसारखा. पाटावर काळ्या झबल्यातलं बाळ, तोंड पिठासारखं पांढरं, मागची खोली काळोखात गडप, डोक्यामागे भिंतीवर कात्रीने कापल्यासारखी सावली आणि डोळे लालभडक. खाली प्रश्न असतो, "ताई, फ्लॅश खराब झालाय का?"

फ्लॅश ठणठणीत असतो. तो फक्त चुकीच्या दिशेने येत असतो. ही एक गोष्ट मला कळायला माझ्या भाचीचं पहिलं बोरन्हाण वाया गेलं, म्हणून ती सगळी इथे नीट मांडते.

भाचीचं ते बोरन्हाण सांगलीत, गावभागातल्या बहिणीच्या सासरी झालं. सासूबाईंनी हलव्याचे दागिने घरी केले होते. आठवडाभर रोज थोडा थोडा पाक घालायचा, मंद आचेवर परातीत तीळ बोटांनी हलवत राहायचं, तेव्हा कुठे एकेका दाण्यावर काटा फुटतो. त्या दाण्यांचा हार, बाजूबंद, कंबरपट्टा, डोक्यावर मुकुट. मी समोर उभी राहून कॅमेऱ्यावर लावलेल्या फ्लॅशने साठ-सत्तर फोटो काढले. एकातही काटा दिसेना. गळ्यात हाराऐवजी चुन्याचा पट्टा ओढल्यासारखं दिसत होतं. बोरन्हाण पाच वर्षांपर्यंत करता येतं, पण पहिलं एकदाच होतं, आणि सासूबाईंनी फोटो बघून काहीच म्हटलं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

पुढे घरी उरलेले चार दाणे बशीत ठेवून मी खिडकीपाशी नेले. खिडकीकडून तिरपा उजेड आला की प्रत्येक काट्याची एक बारीकशी सावली शेजारी पडते, आणि त्या सावलीमुळेच काटा दिसतो. बशी फिरवून उजेड अगदी समोरून येऊ दिला की सावल्या दाण्यांच्या मागे लपतात आणि दाणा गुळगुळीत गोळी होतो. बाळाच्या गालाचंही हेच असतं. गालाची गोलाई, नाकाचा शेंडा, हनुवटीची खळी हे सगळं बाजूने येणाऱ्या उजेडामुळे दिसतं. तेव्हापासून माझी कसोटी ठरून गेली आहे. फोटो मोठा करून बघायचा, हलव्याचा काटा दिसतोय का? दिसत असेल तर चेहराही बरोबर आलेला असतो.

"मग फ्लॅश लावायचाच कशाला?" हे बरेच जण म्हणतात. लावावा लागतो, कारण बोरन्हाण संध्याकाळचं असतं. जानेवारीत सांगलीत सव्वासहाच्या पुढेमागे सूर्य मावळतो आणि बायका जमेपर्यंत साडेसहा होतात. खोलीत एखादी एलईडी ट्यूब. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या साध्या १८-५५ लेन्सने फ्लॅशशिवाय काढायचं तर शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, १/३० सेकंदावर आणावं लागतं किंवा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ६४०० च्या पुढे न्यावा लागतो. वर्षाचं मूल १/३० सेकंदात दोनदा मान फिरवतं. फोटो हलतो, रवाळही होतो. दिवसाउजेडी खिडकीजवळ बसवता आलं तर फ्लॅश अजिबात वापरू नका. नाही आलं, तर पुढचं वाचा.

तोंड पांढरं, मागची खोली काळी

याची दोन कारणं एकत्र येतात. पहिलं म्हणजे उजेड अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो. अंतर दुप्पट झालं की उजेड पावपट उरतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा. बाळ फ्लॅशपासून १ मीटरवर आणि मागची भिंत ३ मीटरवर असेल, तर बाळाला मिळालेल्या उजेडाचा नववा भागच भिंतीला मिळतो. बाळ नीट उजळलं तर भिंत काळी पडणारच.

दुसरं कारण कॅमेऱ्याच्या ऑटो मोडचं. फ्लॅश चालू झाला की बरेच कॅमेरे शटर १/६० च्या आसपास धरतात आणि आयएसओ खाली ठेवतात. म्हणजे खोलीतल्या ट्यूबचा उजेड फोटोत जवळजवळ येतच नाही आणि सगळं काम एकट्या फ्लॅशवर पडतं.

उपाय असा. कॅमेरा एम (मॅन्युअल) मोडवर घ्या, म्हणजे सगळे आकडे आपण ठरवायचे. फ्लॅश बंद ठेवून आधी नुसत्या खोलीचा फोटो काढा. खोली थोडी अंधारलेली, पण ओळखू येईल अशी दिसली पाहिजे. योग्य उजेडापेक्षा साधारण एक ते दीड स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). माझ्याकडे ट्यूब लावलेल्या साध्या खोलीत हे आयएसओ १६००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/४, शटर १/१०० या आकड्यांवर येतं. मगच फ्लॅश चालू करा. आता खोलीचा उजेड खोली दाखवतो आणि फ्लॅश फक्त बाळाला उचलून देतो.

यातली एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली तर पुढचं अर्धं काम सोपं होतं. शटर बदललं की फक्त खोलीचा उजेड कमीजास्त होतो, फ्लॅशचा नाही, कारण फ्लॅशचा लखलखाट शटर उघडं असतानाच्या एका क्षणात संपून जातो. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ बदलले की दोन्ही बदलतात. म्हणून खोली काळी वाटली तर शटर १/१०० वरून १/५० करा; बाळ पांढरं वाटलं तर फ्लॅशची ताकद कमी करा. दोन दुखणी, दोन वेगळी औषधं. लोक एकच बटण दोन्हींसाठी फिरवत बसतात आणि वैतागून परत ऑटोवर जातात.

भिंतीवरची सावली आणि चपटा चेहरा

इथे जास्त थांबायला हवं, कारण सगळ्याची गोम इथेच आहे.

फ्लॅशची काच असते जेमतेम काड्यापेटीएवढी. एवढ्याशा जागेतून निघालेला उजेड कडक सावली पाडतो, जशी भर दुपारी उन्हात पडते. तोच उजेड आधी भिंतीवर टाकला, तर भिंतीवरचा तीन-चार फुटांचा पट्टा उजळतो आणि मग त्या सगळ्या पट्ट्याचा उजेड बाळावर येतो. म्हणजे आपण खोलीत एक खिडकी तयार करतो. सावली राहते, पण तिची कड विरघळते.

डोकं फिरणारा फ्लॅश असेल तर बहुतेक जण ते सरळ वर छताकडे करतात. समोरून मारण्यापेक्षा हे बरं, पण पुरेसं नाही. डोक्यावरून आलेल्या उजेडाने भुवयांखाली आणि नाकाखाली खड्डे पडतात आणि बाळ आजारी दिसतं. त्यात बोरन्हाणाला डोक्यावर हलव्याचा मुकुट असतो, त्याची सावली नेमकी डोळ्यांवर येते.

फ्लॅशचं डोकं बाजूला फिरवा, आणि किंचित मागे, तुमच्या खांद्यावरून. कुठल्या बाजूला? त्या घरात दिवसा उजेड ज्या बाजूने येतो त्या बाजूला. खिडकी डावीकडे असेल तर डावीकडच्या भिंतीच्या वरच्या भागावर. घरच्या माणसांच्या डोळ्यांना ती खोली त्याच उजेडात पाहायची सवय असते. म्हणून फोटोत फ्लॅश वापरलाय हे त्यांच्या लक्षातही येत नाही. बहिणीच्या घरी खिडकी नदीच्या बाजूला आहे. मी आता तिथे दरवेळी त्या खिडकीशेजारच्या भिंतीवरच उजेड टाकते.

फ्लॅश बाजूला वळवला तरी त्याच्या काचेचा थोडा उजेड थेट बाळावर सांडतो आणि ती कडक सावली बारीक का होईना परत येते. त्यासाठी काळ्या जाड कागदाची विताएवढी पट्टी घ्या, फ्लॅशच्या डोक्याला बाळाच्या बाजूने रबरबँडने बांधा. बाळ बसतं तिथे डोकं टेकवून फ्लॅशकडे बघा. पट्टीच्या आडून काच दिसली नाही म्हणजे पट्टी बरोबर बसली. पाच रुपयांचा कागद, पण मला फ्लॅशवर लावायच्या महागड्या पांढऱ्या डब्यांपेक्षा तो जास्त उपयोगी पडला आहे.

आणि पाट भिंतीला चिकटवून ठेवू नका. तीन-चार फूट पुढे ओढा. उरलीसुरली सावली खाली जमिनीवर पडून जाते. घरातल्या मोठ्यांना हे आधी सांगून ठेवा, कारण पाट, रांगोळी आणि औक्षणाचं ताट एकदा मांडलं की ते हलवायला कुणी तयार होत नाही, आणि ते बरोबरच आहे.

भिंत लांब असेल किंवा छतावरूनच उजेड घ्यावा लागत असेल तर बाळाचे डोळे निस्तेज दिसतात, कारण बुबुळात उजेडाचा ठिपका येत नाही. फ्लॅशच्या डोक्यामागे तळहात उभा धरा किंवा पोस्टकार्डाएवढा पांढरा कागद लावा. तेवढा उजेड पुढे येतो आणि डोळे जिवंत होतात.

छत पांढरं नाही, भिंत हिरवी आहे

विश्रामबागेतल्या नव्या फ्लॅटात हा प्रश्नच नसतो. पांढरं छत, पांढऱ्याशा भिंती, फ्लॅश कुठेही वळवा. गावभागातल्या जुन्या घरात किंवा खेड्यात तसं नसतं. कुठे लाकडी तक्तपोशी, कुठे कौलं, कुठे पत्रा. लाकूड उजेड गिळतं आणि जो परत पाठवतं तो पिवळट तपकिरी असतो. भिंतीला फिकट हिरवा डिस्टेंपर असला की बाळाचा एक गाल कावीळ झाल्यासारखा दिसतो. मागाहून कॉम्प्युटरवर हा रंग काढणं फार अवघड जातं, कारण तो एकाच बाजूला असतो.

आणखी एक अडचण माझ्या लक्षात फार उशिरा आली. बहिणीच्या घरी २०१९ च्या महापुरानंतर खालच्या मजल्याच्या भिंतींना कमरेच्या वरपर्यंत ऑइलपेंट दिला, पुसता यावा म्हणून. ऑइलपेंट चकाकतो. त्यावर फ्लॅश टाकला की उजेड पसरत नाही, आरशासारखा एका ठिकाणाहून उसळतो. म्हणून फ्लॅशचं डोकं ऑइलपेंटच्या वरच्या, मळकट का असेना पण न चकाकणाऱ्या भागाकडे हवं.

अशा घरात मी पांढरी चादर नेते. खिडकीच्या बाजूला दोन खिळ्यांना किंवा कपाटाच्या दारावरून ती ताणून बांधायची आणि फ्लॅश तिच्यावर टाकायचा. चादर निळसर नीळ घातलेली नको, साधी पांढरी. धोतर चालतं, थर्माकोलचा मोठा ताव तर उत्तमच. चादर बाळापासून पाच-सहा फुटांवर असली की उजेड मऊही येतो आणि मागच्या भिंतीपर्यंत थोडा पोचतोही. दुसऱ्या बाजूचा गाल फार काळा वाटला तर त्या बाजूला पांढरा सदरा घातलेल्या आजोबांना बसवा. सदऱ्यावरून परत आलेला उजेड पुरेसा होतो, आणि नातवंडाशेजारी बसायला आजोबा आनंदाने तयार असतात.

संक्रांतीची एक खास गोष्ट सांगते. या दिवसांत बायका काळ्या साड्या नेसतात. फ्लॅश ज्या भिंतीकडे किंवा चादरीकडे वळवलाय तिथेच चौघीजणी चंद्रकळा नेसून उभ्या राहिल्या तर उजेड तिथेच संपतो. फोटो अचानक काळे यायला लागतात आणि आपण फ्लॅशचे सेल बदलत बसतो. आणि त्याच जागी लाल भरजरी साडी असेल तर बाळाच्या गालावर लाली येते. त्यांना प्रेमाने दुसऱ्या बाजूला बोलवा, "इकडून बघा काकू, इकडून बाळाचं तोंड दिसतंय."

ज्यांच्याकडे रेडिओ ट्रिगर (फ्लॅश दुरून चालवायचं यंत्र) आहे त्यांनी फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून चादरीसमोर स्टूलवर किंवा कपाटावर ठेवावा. मग तुम्ही खोलीत कुठेही फिरा, उजेड खिडकीच्याच बाजूने येत राहतो. मी आता हेच करते. फक्त स्टूल पोरांच्या वाटेत नको. लुटायला धावताना त्यांना काही दिसत नाही.

काळं झबलं आणि पांढरा हलवा

फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे ताकद आपोआप ठरवायच्या मोडवर, असतो तेव्हा तो खऱ्या लखलखाटाच्या आधी एक छोटासा लखलखाट सोडतो, समोरून किती उजेड परत येतोय ते कॅमेरा मोजतो आणि त्यावरून ताकद ठरवतो. समोर काळं झबलं, काळी टोपी, काळी साडी नेसलेली आई. उजेड फारसा परतत नाही. कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो ताकद वाढवतो. झबलं करडं होतं, चेहरा उडतो, हलव्याचा तर नामोनिशाण उरत नाही. बोरन्हाणाचे फोटो बारशाच्या फोटोंपेक्षाही वाईट येतात ते यामुळे. त्याच फ्लॅशने पांढऱ्या दुपट्यातल्या बाळाचे फोटो उलट काळपट येतात.

टीटीएलवरच काढायचं असेल तर फ्लॅशची भरपाई (आपोआप ठरलेली ताकद कमीजास्त करायची सोय) उणे १ वर आणा. तरी चेहरा पांढरा वाटला तर उणे दीडपर्यंत जा. पण बोरन्हाणाला मला मॅन्युअल जास्त पटतं. बाळ पाटावर एका जागी बसलेलं असतं, चादर एका जागी, फ्लॅश एका जागी. अंतर बदलत नसेल तर ताकद तरी का बदलावी? वर दिलेल्या आकड्यांवर फ्लॅश १/१६ पासून, म्हणजे पूर्ण ताकदीच्या सोळाव्या हिश्शापासून, सुरू करा, कमी वाटला तर १/८.

चाचणी बाळ यायच्या आधी करायची, बाळावर नाही. मी हलव्याचा एक बाजूबंद मागून घेते, काळ्या कापडावर ठेवते आणि ते पाटावर बाळाच्या छातीच्या उंचीला येईल असं उशीवर मांडते. कॅमेऱ्यात जास्त उजेडाची जागा लुकलुकून दाखवायची सोय असते, ती चालू करते. बाजूबंद सगळाच लुकलुकत असेल तर ताकद एक पायरी खाली, परत फोटो, परत मोठा करून बघायचा. काटा सुटा सुटा दिसला, दाण्यामागचं कापड काळंच राहिलं, की त्या आकड्यांना हात लावायचा नाही. यात दहा मिनिटं जातात. बाळाला पाटावर बसवल्यावर तुमच्या हातात मोजून तीन-चार मिनिटं असतात, त्यात चाचण्या करत बसलात तर ते रडायला लागतं किंवा हार खायला लागतं.

मॅन्युअलचा अजून एक फायदा म्हणजे आधीचा छोटा लखलखाट होत नाही. काही मुलं त्या पहिल्या लखलखाटाला डोळे मिटतात आणि खऱ्या फोटोत दरवेळी डोळे बंद येतात. तुमच्या बाळाचे डोळे सगळ्याच फोटोंत मिटलेले असतील तर टीटीएल बंद करून बघा.

अर्धा चेहरा निळा, अर्धा पिवळा

फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हाच्या रंगाचा असतो, साधारण ५५०० केल्व्हिन (उजेडाचा रंग मोजायचं एकक). पिवळा बल्ब २७०० ते ३००० च्या घरात, पांढरी एलईडी ट्यूब ६५०० च्या आसपास. ट्यूब आणि फ्लॅश शेजारी शेजारी खपून जातात. पिवळा बल्ब आणि फ्लॅश मात्र भांडतात. एक तर पिवळे दिवे बंद करा, नाहीतर फ्लॅशच्या काचेवर नारिंगी जिलेटिनचा तुकडा लावा आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंग जुळवायची सोय) बल्बवर ठेवा. समई, निरांजन तेवढे तसेच राहू द्या. ज्योत पिवळीच छान दिसते.

एलईडी दिव्यांत फोटोवर काळे आडवे पट्टे येत असतील तर तो फ्लॅशचा दोष नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे बहुधा जातात.

चुरमुऱ्यांना शेपट्या फुटतात

औक्षण झालं की खरा क्षण येतो. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, बत्तासे, आमच्याकडे तासगावचे बेदाणेही, सगळं मापट्यातून बाळाच्या डोक्यावरून हळूहळू ओतायचं. बाळ वर बघतं, पोरं खाली झेपावतात. हे सगळं पाच-सहा सेकंदांत संपतं.

इथे शटर १/५० किंवा १/१०० असलं तर प्रत्येक चुरमुऱ्याला उजेडाची एक पुसट शेपूट येते. फ्लॅशने एका क्षणाला त्याला गोठवलेलं असतं आणि उरलेल्या वेळात ट्यूबच्या उजेडात तो पडत राहिलेला असतो. बाळाच्या हातालाही असाच धुरकट दुसरा हात दिसतो. काहींना ते आवडतं, मला नाही.

म्हणून ओतायच्या आधी मी शटर १/२०० वर नेते. खोली एक स्टॉपने अंधारते, तेवढं चालतं. बाळावरचा फ्लॅशचा उजेड तसाच राहतो. १/२०० च्या वर मात्र जाऊ नका. बऱ्याच कॅमेऱ्यांत फ्लॅशबरोबर शटरची मर्यादा १/२०० किंवा १/२५० असते, ती ओलांडली की फोटोच्या एका कडेला काळी पट्टी येते. ती दिसली की शटर खाली आणा, दुसरं काही बिघडलेलं नसतं.

फ्लॅशची ताकद कमी असेल तर लखलखाट फार थोडा वेळ टिकतो, सेकंदाचे काही हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाइतकाच. पूर्ण ताकदीला तो त्याहून बराच लांबतो. अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९५७ साली बशीवर पडलेल्या दुधाच्या थेंबाचा मुकुटासारखा उडालेला शिंतोडा पकडला तो अशाच क्षणभंगुर लखलखाटाने. तुमच्या घरात तेच तंत्र बोरांसाठी वापरायचं आहे. म्हणून ताकद वाढवण्याऐवजी आयएसओ वाढवा. शिवाय कमी ताकदीवर फ्लॅश लगेच परत भरतो, ओतताना तीन-चार फोटो सलग मिळतात. पूर्ण ताकदीवर पहिला फोटो येतो, दुसरा काळा.

फोकस आधीच बाळाच्या डोळ्यावर पक्का करून ठेवा, नाहीतर कॅमेरा मधल्या चुरमुऱ्यांवर फोकस करतो. आणि ओतणाऱ्या आत्याला किंवा आईला सांगा, मापटं बाळाच्या डोक्यावर थेट नको, जरा मागून. एरवी हाताची सावली तोंडावर येते.

"डोळ्यावर तेवढं मारू नको बघ"

भाचीच्या पणजीने पहिल्याच वर्षी मला हे सांगितलं होतं. "आगं, लहान जीव हाय, डोळ्यावर तेवढं मारू नको बघ." प्रत्येक घरात कुणीतरी हे म्हणतंच आणि त्यांची काळजी खरी असते. घरच्या कॅमेऱ्याचा साधा फ्लॅश नेहमीच्या अंतरावरून बाळाच्या डोळ्यांना इजा करतो असं सिद्ध झालेलं नाही. तरी अगदी वीतभर अंतरावरून डोळ्यांत फ्लॅश मारू नये. बाळ दचकतं, रडतं. भिंतीवरून आलेल्या उजेडात हा प्रश्न जवळजवळ मिटतोच. मी आता पणजीला आधी चादरीवर फ्लॅश टाकून दाखवते, मग बाळाला बसवतात.

लाल डोळ्यांचं कारणही दिशेतच आहे. फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असला की उजेड अंधारात मोठ्या झालेल्या बाहुलीतून आत जातो, डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पडद्यावर आपटून थेट लेन्समध्ये परत येतो. फ्लॅश बाजूला गेला की लाल डोळे जातात.

पण एक गोष्ट मनापासून सांगते. समोरून फ्लॅश मारलेल्या जुन्या फोटोंत एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसऱ्याची पांढरी किंवा पिवळट दिसत असेल, आणि असं एकाहून जास्त फोटोंत दिसत असेल, तर त्याला फोटोचा दोष समजून पुसून टाकू नका. बाळ कुशीला बघत असेल तर कधीकधी निरोगी डोळाही असा दिसतो, पण मोतीबिंदू, किंवा रेटिनोब्लास्टोमा हा लहान मुलांना होणारा डोळ्याचा दुर्मीळ कर्करोग, यांचं ते पहिलं लक्षणही असू शकतं. ते फोटो घेऊन लवकर नेत्रतज्ज्ञाकडे जा. वेळेत कळलं तर उपचार होतात.

मोबाइलच असेल तर

मोबाइलमागचा दिवा हा खरा फ्लॅश नसतो, ती छोटी एलईडी असते. ती चुरमुरे गोठवू शकत नाही आणि चेहरा मात्र पांढरा करते. ती बंद ठेवा. रात्रीचा मोडही मुलांसाठी नको, तो उजेड गोळा करायला वेळ घेतो आणि तोवर मूल हललेलं असतं. बोरन्हाण चार-साडेचारला ठेवा, पाट खिडकीच्या बाजूला तिरपा मांडा. ते जमत नसेल तर दुसऱ्या दोन मोबाइलचे टॉर्च खिडकीकडच्या पांढऱ्या भिंतीवर किंवा चादरीवर पाडायला कुणाला तरी उभं करा. उजेड थोडाच वाढतो, पण बाजूने येतो.

यंदा भाचीच्या धाकट्या भावाचं पहिलं बोरन्हाण त्याच खोलीत झालं. चादर नदीकडच्या खिडकीशेजारी, फ्लॅश स्टूलवर १/१६ ला, आयएसओ १६००, एफ/४, औक्षणाला १/१०० आणि ओतताना १/२००. रात्री सासूबाईंना कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर हार मोठा करून दाखवला. त्यांनी चष्मा लावला, पडदा जवळ घेतला आणि म्हणाल्या, "हा मधला दाणा बघ, यावर काटा जरा कमीच आलाय. तिसऱ्या दिवशी पाक घट्ट झाला होता."